कृष्णेत न्हालेली चेतक

'टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक इंजिनमधला फरक स्पष्ट करा.' मेकॅनिकलच्या प्रत्येकाने हा प्रश्न एकदा तरी लिहिलेला असतो. मध्ये उभी रेघ, दोन्हीकडे आठ-आठ मुद्दे, शेजारी पेन्सिलने काढलेली नीटनेटकी आकृती. पोर्ट, चार्ज, स्कॅव्हेंजिंग असे शब्द पेरले की मार्क हातात! यातला 'स्कॅव्हेंजिंग' मी निदान तीन पेपरांत लिहिला असेल. पण तो शब्द प्रत्यक्ष भेटला तो सांगलीच्या गावभागातल्या एका वाड्यातून २५०० रुपयांना आणलेल्या स्कूटरच्या पोटात. कसा, ते सांगतो.

बाबा कुपवाड एमआयडीसीत मशीन शॉपला आहेत. सेकंड शिफ्ट सुटते रात्री बाराला. ज्यांच्या गाडीवर मागे बसून ते यायचे, त्या काकांनी २०२४ च्या दसऱ्याच्या सुमारास दुसरी कंपनी धरली. रात्री बाराला सिटी बस नाही, रिक्षा परवडत नाही. मग बाबांनी सायकल काढली. सहा किलोमीटर. वय त्रेपन्न आणि डावा गुडघा आधीच कुरकुरणारा. नवी गाडी म्हणजे ऐंशी-नव्वद हजार, आणि घरात हप्ता आधीच एक चालू आहे (त्या हप्त्यावर शिकणारा मुलगा हा लेख लिहितो आहे). चालू स्थितीतली सेकंडहँड बघायला गेलो तर पंचवीस हजारांच्या खाली कोणी बोलेना. तेवढ्यात आईच्या ओळखीतून कळलं की गावभागात एक चेतक पडून आहे, भंगारवाल्याला द्यायची आहे, हवी तर बघा.

चेतक म्हणजे आपली जुनी बजाज चेतक. आत्ताची आवाज न करणारी इलेक्ट्रिक चेतक नव्हे, ती २०२० मध्ये रस्त्यावर आली. जुनी १९७२ पासूनची. त्याआधी कंपनी पियाजिओच्या परवान्याने व्हेस्पा बनवायची, त्यामुळे दोघींचं घराणं एकच. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचं, पण आपण मराठी माणसं तिला 'ती'च म्हणतो. एके काळी ती मिळायला काही वर्षं नंबर लावून बसावं लागायचं, हे आमच्या आजोबांच्या पिढीला विचारा, अर्धा तास ऐकायला मिळेल. कंपनीने स्कूटर बनवणं २००९-१० च्या सुमारास थांबवलं, तरी सांगलीत तिचे पार्ट आजही मिळतात. ५७ मिलिमीटर बोअर, ५७ मिलिमीटर स्ट्रोक. कॅल्क्युलेटरवर मारून बघा, १४५.४५ सीसी येतं. सगळे म्हणताना दीडशेच म्हणतात.

ही चेतक १९९४ ची. मालक वारलेले, मुलगा पुण्यात. वाड्याच्या दिंडी दरवाजाच्या आत, जिन्याखाली उभी. आणि तिच्या हँडलच्याही वर, भिंतीवर, मातकट रंगाची एक सरळ आडवी रेघ. सांगलीकरांना ही रेघ कशाची ते सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर. म्हणजे ही बया दोन पूर पोटात घेऊन पाच वर्षं उभी होती, आणि मधल्या काळात तिला कोणी साधी किकही मारली नव्हती.

बाबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, वाकून खाली बघितलं आणि म्हणाले, "पत्रा बरा हाय. घेऊया." झालं! टेम्पोचे चारशे वेगळे.

आता पाच वर्षं उभी असलेली गाडी आणि पुरात बुडालेली गाडी यात फरक असतो. नुसती उभी राहिलेली गाडी असेल तर संशयित मोजकेच असतात. टाकीतलं पेट्रोल उडून जाऊन राळेसारखा चिकटा राहतो, तो कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो, रबर कडक होतं, केबल गंजते. पुरातल्या गाडीत मात्र प्रत्येक नटबोल्ट संशयित! पाणी परवडतं, ते निघून जातं. गाळ जात नाही. कृष्णेचा गाळ मैद्यासारखा बारीक. पाणी जिथे शिरतं तिथे तोही शिरतो, आणि पाणी गेल्यावर तिथेच वाळून बसतो.

माझ्याबरोबर वर्गातला एक मित्र होता. त्याचं म्हणणं, सगळं इंजिन खोलू, सगळं धुऊ, सगळं नवीन घालू. त्याचा उत्साह मोठा, माझं पाकीट लहान. शिवाय सगळं एकदम बदललं आणि गाडी सुरू झाली नाही, तर नेमकं काय चुकतंय ते कसं कळणार? म्हणून मी वहीत तीन ओळी लिहिल्या. ठिणगी. पेट्रोल. कॉम्प्रेशन. इंजिनला जगायला या तीनच गोष्टी लागतात. एका वेळी एकच गोष्ट तपासायची, एकच बदलायची, वहीत लिहायची आणि मग पुढे.

पण त्याआधी किक तर हलली पाहिजे! ती दगडासारखी. पाय देऊन उपयोग नव्हता, जोर केला असता तर किकचे दातेच गेले असते. प्लग काढला, भोकातून टू-टी ऑइल सोडलं आणि झाकून ठेवलं. रात्रभर. दुसऱ्या दिवशी उजवीकडचं पंख्याचं झाकण काढून मॅग्नेट हाताने मागे-पुढे, मागे-पुढे. आधी केसभर, मग बोटभर. दुपारी बाबा शिफ्टला निघता निघता सहज म्हणून त्यांनी हात लावला आणि 'कच्च' आवाज करून मॅग्नेट पूर्ण फिरलं. वीस वर्षं मशीनवर काढलेल्या हाताला काय कळतं ते मला ठाऊक नाही, पण माझ्या हाताला ते कळलं नव्हतं एवढं खरं.

मग खालचा बोल्ट काढून गिअर ऑइल सोडलं. आधी आलं चक्क पाणी. पाठोपाठ चहाच्या टपरीवरचा दुधाळ चहा. रंग तोच, फक्त वेलची नाही. चेतकमध्ये क्लच आणि गिअर एकाच ऑइलमध्ये असतात, त्यामुळे क्लचप्लेट एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. थोडं डिझेल घालून, गाडी हलवून दोनदा धुतलं. नवीन ऑइल भरलं, साधारण पाव लिटर. क्लच दाबून धरायचा, गिअरमध्ये टाकायची आणि गाडी पुढे-मागे ढकलायची. पंधरा-वीस मिनिटांनी प्लेट सुटल्या. सोसायटीतली लहान पोरं ढकलायला मदत करत होती, त्यांना हा खेळ फारच आवडला.

ठिणगीचं काम सगळ्यात मजेचं. ही गाडी पॉइंटवाली. तिला ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही, मॅग्नेट फिरलं की आतल्या कॉइलमध्ये करंट तयार होतो, पॉइंट उघडतात आणि प्लगवर ठिणगी पडते. म्हणजे फॅराडे साहेबांची कृपा. प्लग वायरला लावला, त्याची बॉडी इंजिनच्या लोखंडाला टेकवली, किक मारली. अंधार! पुलर आणून मॅग्नेट काढलं तर आत गाळाची पोळी. ब्रशने झाडली, पॉइंट बघितले तर त्यांच्यावर पांढरट साय. बारीक पॉलिश पेपर एकदाच हलक्या हाताने फिरवला, स्पिरिटने पुसलं, फीलर गेज घालून ०.४ मिलिमीटरची गॅप ठेवली. पुन्हा किक. प्लगच्या टोकावर निळसर ठिणगी 'टिक' करून उडाली. आम्ही दोघं ओरडलो. वरच्या मजल्यावरच्या काकूंना वाटलं शॉक बसला.

पेट्रोलकडचं काम कंटाळवाणं, म्हणून थोडक्यात. टाकी बाहेर काढली, आतला गंज खडी आणि साबणाचं पाणी घालून हलवून काढला. कार्बोरेटर खोलून जेट फुंकले, फ्लोटची पिन बदलली. रबरी पाइप मात्र जुना तसाच ठेवू नका, ही माझी सूचना. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि नव्वदच्या दशकातलं रबर त्यासाठी बनलेलं नाही. ते फुगतं, मऊ होतं, आणि त्याचा चुरा पुन्हा त्याच जेटमध्ये जाऊन बसतो. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. गाडी महिना महिना उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी ठेवलेली बरी. आणि लिटरला २० मिली टू-टी ऑइल विसरायचं नाही. पूर्वी पंपावर त्याचं वेगळं यंत्र असायचं, आता बाटली आपली आपण न्यायची.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी, सातव्या किकला, ती सुरू झाली! पांढऱ्या धुराने पार्किंग भरलं. आई गॅलरीतून बघत होती. बाबा काही बोलले नाहीत, फक्त सीटवर हात ठेवून उभे राहिले.

दीड मिनिट.

मग मी ॲक्सिलरेटर पिळला आणि ती घुसमटली. खोकल्यासारखा आवाज, आणि बंद. पुन्हा किक, पुन्हा सुरू. आयडलला बरी चालते, पिळलं की गुदमरते. दोन-तीन मिनिटांत पूर्ण बंद. गार झाली की परत तेच.

या दुखण्याने आमचे दहा दिवस खाल्ले. मेन जेट पुन्हा साफ केला, फरक नाही. कंडेन्सर स्वस्त मिळतो म्हणून नवीन घातला, फरक नाही. बंद पडली की लगेच प्लग काढून बघायचो. ठिणगी आहे, प्लग ओला आहे, म्हणजे पेट्रोलही पोचतंय. टाकीचं झाकण उघडं ठेवून चालवली (झाकणाचं हवेचं भोक बुजलं तरी गाडी अशीच मरते), तरी फरक नाही. सिलिंडरवरचं पत्र्याचं कव्हर काढलं तर पंखांच्या फटी गाळाने लिंपलेल्या. हवा लागणार कुठून? त्या स्क्रूड्रायव्हरने खरवडून मोकळ्या केल्या. इंजिन कमी तापायला लागलं, पण घुसमट तशीच.

मग तिला ढकलत नेली एका गॅरेजला. मिस्त्री अनुभवी. पुरातल्या कितीतरी गाड्या त्याने उघडल्या होत्या. दोन किका मारल्या, आवाज ऐकला आणि निकाल दिला, "बोअर गेलाय. पाणी गेलंय न्हवं आत. इंजिन खाली घ्याय लागतंय. बोअर, पिस्टन, बेअरिंग सगळं. नऊ हजार धर."

नऊ हजार! २५०० ची गाडी! बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना एवढंच म्हणाले, "राहू दे. भंगारवाल्याला विचार किती देतो." आणि संध्याकाळच्या डब्याच्या पिशवीत सायकलचा पंप टाकला. ते पंप टाकणं मला फार लागलं. रात्री साडेबारा वाजून गेले तरी सायकलच्या स्टँडचा आवाज येईना. एकला आला. पंक्चर झालं होतं, चालत आले होते.

मिस्त्री लबाड होता असं मला आजही वाटत नाही. पुरातल्या गाडीत बोअर जाणं हे नेहमीचंच, आणि दहापैकी आठ वेळा त्याचा अंदाज बरोबरच येत असेल. पण वहीतली तिसरी ओळ अजून कोरी होती. कॉम्प्रेशन. बोअर किंवा रिंगा गेल्या असतील तर दाब राहणार नाही. आमच्याकडे गेज नव्हतं. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "प्लग काढ. अंगठा लाव. मी किक मारतो." अंगठा भोकावर दाबून धरला. बाबांनी किक मारली आणि अंगठा फटकन उडाला! पुन्हा लावला, पुन्हा उडाला. मग त्यांनी गाडी सुरू करायला लावली आणि लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनच्या केसिंगला, मूठ स्वतःच्या कानाला लावून ऐकत राहिले. बेअरिंग खराब असेल तर घरघर, किरकिर ऐकू येते. कंपनीत ते रोज हेच करतात. "बेअरिंग चांगलं हाय," म्हणाले.

म्हणजे ठिणगी आहे, पेट्रोल आहे, कॉम्प्रेशन आहे. तिन्ही ओळींवर बरोबरची खूण, आणि गाडी बंद! वहीप्रमाणे ती चालायलाच हवी होती.

त्या रात्री मी आय.सी. इंजिनच्या नोट्स काढून बसलो. परीक्षा नसताना नोट्स उघडण्याची ही माझी पहिलीच वेळ. तीच ती आकृती. पिस्टन खाली येतो, एक्झॉस्ट पोर्ट उघडतं, जळलेला वायू बाहेर पडतो, मग ट्रान्सफर पोर्टमधून नवा चार्ज आत येतो आणि उरलासुरला धूर बाहेर ढकलतो. स्कॅव्हेंजिंग. फोर-स्ट्रोकमध्ये धूर बाहेर फेकायला पिस्टनचा एक अख्खा स्ट्रोक राखून ठेवलेला असतो. टू-स्ट्रोकला ती चैन नाही. तिथे बाहेर जाणं आणि आत येणं जवळजवळ एकाच वेळी. बाहेरची वाट बंद असेल, तर आत यायलाही जागा नाही. आयडलला धूर थोडा, तो कसाबसा निघून जातो. पिळलं की धूर जास्त, आणि...

सायलेन्सर!

चेतकचा सायलेन्सर इंजिनच्या खाली, रस्त्याच्या सगळ्यात जवळ. पुराचं पाणी चढताना सगळ्यात आधी त्यात शिरतं, उतरताना सगळ्यात शेवटी निघतं. आत पत्र्याचे कप्पे. तिथे बसलेला गाळ जाणार कुठे?

सकाळी सहाला खाली उतरलो. गाडी सुरू करून सायलेन्सरच्या तोंडामागे हात धरला. फुंकर म्हणावी तर तीही नाही, नुसता कोमट श्वास. पान्याने सायलेन्सरचा बोल्ट आणि क्लॅम्प सोडवला, तो पोर्टपासून जरा ढिला केला आणि किक मारली. काय आवाज! वडगणपती केला तर बँडवाल्यांनाही जमणार नाही असा. पण पिळली तशी ती वर गेली, सरळ, न अडखळता. चारच सेकंद चालवली, कारण तेवढ्यात चेअरमन टॉवेलवरच बाहेर आले होते.

काढलेला सायलेन्सर उचलला तर हाताला जड लागला. आत भाजलेल्या विटेसारखा गाळ. आम्ही दहा दिवस इंजिन चालवून तो आणखी पक्का भाजला होता, ही त्यातली गंमत. पाण्याच्या पिंपात दोन दिवस भिजत ठेवला, हलवला, लाकडी हातोड्याने ठोकला. तपेलंभर चिखल निघाला, पण कप्प्यातला निघेना. शेवटी बाबा तो पोत्यात गुंडाळून कंपनीत घेऊन गेले. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या दोस्ताने एका बाजूने पत्रा कापला, आतलं सगळं छिन्नीने काढलं आणि पुन्हा वेल्ड मारला. खर्च दोन वडापाव आणि चहा.

आईने तो चिखल टाकू दिला नाही. कुंडीत घातला. म्हणाली, नदीचा गाळ आहे, पिकाला चांगला असतो. त्या कुंडीत आता पुदिना आहे.

पुढचं सगळं लहानसहान, पण ज्याला रात्री बाराला चालवायची आहे त्याच्या दृष्टीने तेच मोठं. ब्रेकचे शू ड्रमला गंजून चिकटले होते, दोन्हीकडचे नवीन घातले. क्लचची आणि गिअरच्या दोन्ही केबल बदलल्या. टायर-ट्यूब नवीन, त्यात आणि स्टेपनीत सगळ्यात जास्त पैसे गेले. हेडलाइट मॅग्नेटच्याच करंटवर, त्यामुळे गाडी हळू झाली की उजेडही हळू होतो. बाबांनी हँडलला एक चार्जिंगची बॅटरी बांधली आहे. सगळा हिशेब गाडीच्या किमतीसकट आणि टेम्पोसकट अकरा हजारांच्या जरा आत बसला.

आणि कागद! याबद्दल कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. या गाडीचं आरसी बुक मालकांच्या कपाटातल्या बाकी कागदांबरोबर पुरातच विरघळलेलं. मग पोलिसांत हरवल्याची नोंद, डुप्लिकेट आरसी, वारसाच्या सह्या, पर्यावरण कर, तपासणी, नवी नंबर प्लेट, विमा, पीयूसी. पुण्याच्या त्या मुलाने तीन वेळा सह्या करून कागद पाठवले, एकदाही कुरकुर केली नाही. इंजिन सुरू व्हायला दीड महिना लागला होता, कागद सुरळीत व्हायला साडेतीन. जुनी गाडी घेणाऱ्यांनी आधी कागद बघावेत, मग किक मारावी.

एप्रिलपासून बाबा ती नेतात. शिफ्ट बाराला सुटते, साडेबाराच्या आत कोपऱ्यावर आवाज येतो. टू-स्ट्रोकचा तो आवाज झोपेतही ओळखू येतो. आई उठून दार उघडते, मी कूस बदलतो. निघताना बाबा अजूनही गाडी एकदा तिरकी करून मगच किक मारतात. कार्बोरेटर साफ असताना त्याची गरज नाही, हे मी त्यांना आकृती काढून समजावलं आहे. ते ऐकून घेतात आणि तिरकी करतात.

मिस्त्रीला मी मुद्दाम जाऊन सायलेन्सरचं सांगितलं. तो हसला. म्हणाला, "आता पुराची गाडी आली की आधी मागं हात लावून बघतो." जाताना त्याने थर्ड गिअर निसटतो का विचारलं. निसटतो. चढावर, तेही मागे कोणी बसलं असेल तरच. त्याच्या मते आतली चौकडी झिजली आहे. यावेळी त्याचं बरोबर असावं, कारण केबल नवीन आहे आणि ताण आम्ही दोनदा बघितला आहे. हे काम मात्र इंजिन खाली घेतल्याशिवाय होणार नाही. सेमिस्टर संपलं की घेऊ. मित्राला कळवलं आहे, तो आत्ताच पाने घासून बसला आहे.